मी चौथा, म्हणजे खोली

“आपल्या कुटुंबाविषयी पाच वाक्यं लिहून आणा,” असं प्रोफेसोराबाईंनी सांगितलं तेव्हा मला मनातल्या मनात हसू आलं. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत माझी सगळी नोकरी वारसनोंदी तपासण्यात गेली. मयताच्या दोन बायका, दोघींची मिळून आडनावं तीन आणि मधूनच उगवलेला दत्तक मुलगा, असली प्रकरणं मी टेबलावरचा चहा निवायच्या आत मार्गी लावत असे. ज्याने लोकांची कुटुंबं सर्व्हिस बुकात बसवली, त्याला स्वतःचं कुटुंब पाच वाक्यांत बसवायला कितीसा वेळ लागणार?

दुसऱ्या वाक्यापर्यंत माझ्या दोन भावंडांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

लेक-जावई लिस्बनला नोकरीला आहेत. आम्ही दोघं त्यांच्याकडे राहायला आलो आणि मी बाल्कनीत बसून खालून जाणाऱ्या ट्राम मोजायला लागलो. लेकीला ते बघवेना. परदेशातून आलेल्या लोकांसाठी इथे संध्याकाळी भाषेचे वर्ग चालतात, त्यांत तिने आमची नावं घातली. वर्ग फुकट होता, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आमची ही पहिल्या बाकावर बसते, वहीला कव्हर घालते आणि प्रश्न संपायच्या आत हात वर करते. मी शेवटच्या बाकावर, एक नेपाळी तरुण आणि एक बांगलादेशी गृहस्थ यांच्या मधोमध. आमच्या पुढे युक्रेनच्या दोन बायका. त्या सहसा हसत नाहीत. पण माझ्यामुळे त्यांनाही हसावं लागलं, हे पुढे येईलच.

पहिलं वाक्य सोपं होतं: आम्ही पाच भावंडं. पोर्तुगीजमध्ये भाऊ म्हणजे इर्मांव आणि बहीण म्हणजे इर्मां. सगळ्या बहिणीच असतील तर इर्मांश. पण त्यांत एक जरी भाऊ असला तरी सगळे मिळून इर्मांउश, म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने भाऊच. मला यात काही वावगं दिसलं नाही. हिला दिसलं.

“आम्ही तिघी बहिणी आणि शेवटी एक भाऊ,” तिने बाईंना विचारलं. “तरी सगळे भाऊच?”

“तरी.”

“आणि तो अजून पाळण्यात असेल तर?”

“तरीही.”

घरी येताना ट्राममध्ये ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “बंडू झाला तेव्हा बाबांनी पेढे वाटले. आमच्या तिघींच्या वेळी बर्फी. मला वाटायचं हे आपल्याकडेच चालतं.”

तिला मी लगेच सांगितलं नाही, पण आई-वडिलांचीही तीच गत आहे. पाइ म्हणजे बाप, आणि आई-बाप दोघे मिळून पाइश, म्हणजे अनेक बाप. आई त्यांत आलीच, असं समजून घ्यायचं. हाच शब्द जरा लांबवून पाईश म्हटला की अर्थ होतो देश. एवढ्याशा वेलांटीचा फरक माझ्या जिभेला पेलला नाही. मी उभा राहून वर्गाला सांगितलं, की माझे आई-वडील आशिया खंडात आहेत, त्यांची राजधानी दिल्ली आहे आणि त्यांच्यात बावीस भाषा अधिकृत आहेत.

“मोठं कुटुंब आहे,” बाई म्हणाल्या.

दुसरं वाक्य भावंडांच्या क्रमाचं. दादा पहिला, म्हणून प्रिमेइरु. इथवर ठीक. दोन नंबरची ताई म्हणजे सेगुंदा. पोर्तुगीजांच्या सोमवार ते शुक्रवार या वारांना ग्रहांची नावं नाहीत, आकडे आहेत. रविवार पहिला धरला की सोमवार दुसरा, म्हणून सोमवारलाही बोलताना सेगुंदाच म्हणतात. ताईला फोन करून हे सांगितलं. ती सोमवार करते. प्रसन्न झाली.

त्या यशाने मी चढलो आणि लगोलग अक्काला फोन लावला. अक्का तिसरी, म्हणजे तेर्सेइरा. अझोर्स बेटांत तेर्सेइरा नावाचं एक बेट आहे. त्या बेटांमधलं ते तिसरं सापडलं, म्हणून त्याचं नावच ‘तिसरी’. मी कौतुकाने म्हटलं, “अक्का, तुझ्या नावाचं बेट आहे! भर अटलांटिकमध्ये, चारी बाजूंनी पाणी.”

“म्हणजे एकटं पडलेलं,” अक्का म्हणाली.

“तसं नव्हे गं...”

“तसंच. वर दादा-ताईंची जोडी, खाली तुमची दोघांची. मधे मी. पहिल्यापासून.” आणि फोन बंद.

चौथा मी. चौथ्याला म्हणतात क्वार्तु. आणि क्वार्तु म्हणजे खोलीही. मी छातीवर हात ठेवून ‘एउ सोउ उ क्वार्तु’ असं म्हटलं, तेव्हा मी चौथा आहे असं वर्गाने ऐकलं की मी खोली आहे असं, हे मला अजून कळलेलं नाही. राजापूरच्या घरात दादाला अभ्यासासाठी माडी होती. ताई-अक्कांना माजघर होतं. धाकटा आईच्या कुशीत. मी ओटीवर झोपायचो, आणि पाहुणे आले की पडवीत. ज्याला जन्मात स्वतःची खोली मिळाली नाही, तो सातासमुद्रापार येऊन स्वतःच खोली झाला.

राहिला धाकटा. पाचव्याला पोर्तुगीजमध्ये म्हणतात किंतु. आपल्या किंतु-परंतुमधला किंतु, त्याच उच्चाराचा. हा धाकटा माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. आई चाळिशीला टेकलेली, ताईच्या लग्नाचं बघायला सुरुवात झालेली. त्यामुळे त्याच्या येण्याबद्दल गावात जे किंतु निघायचे ते तेव्हाच निघून गेले होते. मी आपला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘तू आमच्या घरातला किंतु,’ आणि पुढे हसरा चेहरा टाकला. शब्द सगळ्यांनी वाचले. चेहरा कोणी पाहिला नाही. धाकट्याने ग्रुप सोडला. ‘का सोडला?’ म्हणून दादाने विचारलं. पुढचे तीन दिवस ग्रुपवर फक्त सुप्रभातची फुलं येत होती.

थोरला-धाकटा यांची रोजच्या बोलण्यातली सोय पोर्तुगीजमध्ये अगदी सरकारी आहे. थोरला म्हणजे माइश वेल्यु, शब्दशः अधिक म्हातारा. धाकटा म्हणजे माइश नोवु, अधिक नवा. माझा धाकटा भाऊ, ज्याचे दोन्ही गुडघे बदलून झालेत आणि केस रजेवर जाऊन परतलेले नाहीत, तो अधिक नवा. आणि आमची ही, भावंडांत थोरली, म्हणून माइश वेल्या.

“मी हे म्हणणार नाही,” ही म्हणाली.

“थोरली असा अर्थ आहे,” बाई समजावू लागल्या.

“थोरली वेगळं, म्हातारी वेगळं.”

बाईंनी मधला मार्ग काढला. पुस्तकी भाषेत पहिल्या अपत्याला प्रिमोजेनितु म्हणतात, बाईमाणसाला प्रिमोजेनिता. हिने तो शब्द लगेच वहीत लाल शाईने लिहिला. दादाला तर तो इतका आवडला की त्याने तो व्हॉट्सॲपवर आपल्या नावाखाली टाकला. आता गावातले लोक त्याला विचारतात, की ही कुठली पदवी आणि कोणत्या विद्यापीठाची.

शेंडेफळाला तरी स्वतंत्र शब्द असेल असं मला वाटत होतं. आमच्या इमारतीखाली पास्तेलारीआ आहे. कॉफी, पेस्ट्री आणि उभ्या उभ्या गप्पा. तिथे काउंटरवर एक ब्राझीलची मुलगी असते. ती म्हणाली, “आमच्याकडे कासुला.” हा शब्द अंगोलातल्या किंबुंदू भाषेतून ब्राझीलमध्ये गेलेला. मी तो ऐटीत वर्गात वापरला. बाई किंचित थांबल्या. “ते ब्राझीलचं,” त्या म्हणाल्या. “आम्ही बेंजामिं म्हणतो.” बायबलातल्या याकोबाचा सगळ्यांत धाकटा मुलगा बेंजामिन, त्यावरून. मी हे खाली येऊन ब्राझीलच्या मुलीला सांगितलं. तिच्या मते पोर्तुगालची माणसं अर्धे शब्द गिळतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर थोरलेपणाचा हक्क सांगतात. कॉफीचे पैसे देऊन मी निघालो. भावंडांच्या भांडणात तिऱ्हाइताने पडू नये.

माझ्या शेजारचा नेपाळी तरुण मात्र या सगळ्या धड्याकडे दयेने बघत होता. त्यांच्याकडे जेठो, माइलो, साइँलो, काइँलो आणि शेवटचा कान्छो, असा क्रमच नावाच्या जागी चालतो. तो साइँलो, तिसरा. त्याचं खरं नाव गावात शाळेच्या हजेरीपटालाच ठाऊक. मला तो एकदम जवळचा वाटला, कारण साठी उलटली तरी मी दादाचं नाव अजून तोंडाने घेतलेलं नाही.

“तुमच्या थोरल्या भावाचं नाव?” बाईंनी विचारलं.

“दादा.”

बाईंनी फळ्यावर लिहिलं आणि बुचकळ्यात पडल्या. पोर्तुगीजमध्ये दादा म्हणजे ‘दिलेली’.

“भाऊ आहे ना?”

“थोरला.”

“मग दिलेली कोणाला?”

तिथेच थांबायला हवं होतं. पण बाई म्हणाल्या, “तुमच्या भाषेत घरच्यांना काय काय म्हणतात ते सांगा, सगळ्यांना आवडेल.” मी सुरुवात काकांपासून केली. आमचे काका मुंबईला शिक्षक होते, उंचेपुरे, तापट, आणि आम्हाला ते फार प्रिय. मी जमेल तसं सांगितलं, की माझा काका मोठा होता, मुंबईला असायचा आणि दिवाळीला घरी आला की आम्हा मुलांना कोण आनंद व्हायचा. वर्गात चमत्कारिक शांतता पसरली. काका म्हणजे पोर्तुगीज लहान मुलांच्या भाषेत शी.

माझ्या हे लक्षात आलं नाही, म्हणून मी मामांकडे वळलो. मला दोन मामा, एक थोरला, एक धाकटा, आणि सुट्टीत मी त्यांच्याकडेच असायचो, असं सांगून झाल्यावर युक्रेनच्या बायका पहिल्यांदा हसल्या. हसता हसता एकीने वहीत तोंड लपवलं. बाईंनी खोकल्याचं निमित्त करून पाणी घेतलं. मामा म्हणजे काय ते मला नंतर जावयाने सांगितलं, तेही आमची ही स्वयंपाकघरात गेल्यावर. दवाखान्यात बायकांची तपासणी करतात त्या खोलीबाहेर हा शब्द पाटीवर लिहिलेला असतो, एवढंच इथे लिहितो.

बाबा म्हणजे लाळ. इथे ‘बाबा द कामेलु’ नावाचं एक गोड मिळतं, उंटाची लाळ. आटवलेलं गोड दूध आणि अंडी घालून करतात, माणसं वाटीला बोट लावून खातात. आमच्या बाबांना दूध आवडायचं, पण अंडं घरात आलेलं चालत नसे. काकी म्हणावं तर ऐकणाऱ्याला खाकी रंग ऐकू येतो. सगळ्या खानदानात एक आई तेवढी तरली: ठेच लागली की इथली माणसंही ‘आइ’ म्हणतात.

पुढच्या खेपेला बाईंनी कार्तोलिना, म्हणजे जाड रंगीत कागद, वाटले. सगळ्यांनी आपला वंशवृक्ष काढायचा. युक्रेनच्या बायकांची झाडं नीटस, आठ-दहा चौकटींची, प्रत्येकीत सुबक अक्षर. मी मधोमध पणजोबांपासून सुरुवात केली. आजोबांच्या पिढीतच कागदाची कड आली. बांगलादेशी गृहस्थांनी आपला उरलेला अर्धा कागद दिला, नेपाळ्याने चिकटपट्टी दिली, आणि माझं झाड बाकावरून खाली उतरून खिडकीच्या दिशेने जाऊ लागलं. बाई येऊन उभ्या राहिल्या.

“हा कोण?”

“तीउ.”

“आणि हा?”

“तोही तीउ.”

काका तीउ, मामा तीउ, आत्याचे यजमान तीउ, मावशीचे यजमानही तीउ. अख्ख्या कागदावर तीउच तीउ. वडिलांकडचा, आईकडचा असं मागे जोडता येतं, बाई म्हणाल्या. येतं, पण अडचणीच्या वेळी एवढं जोडत कोण बसतो? १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे ‘काका, मला वाचवा’ असं ओरडत धावले, असं सांगतात. ते ‘तीउ, मला वाचवा’ असं ओरडले असते, तर निदान एखादा मामा तरी मदतीला आला असता.

चुलत, मामे, मावस, आते या सगळ्या भावंडांना मिळून एक शब्द: प्रीमु. गणितातल्या मूळ संख्येलाही प्रीमुच म्हणतात, कारण तिला एक आणि ती स्वतः सोडून कोणी भाग देत नाही. आमच्या आमराईच्या बाबतीत माझे चुलतभाऊ अगदी हेच म्हणतात.

नणंद आणि भावजय, दोघी कुन्यादा. हे ऐकून ही अवाक् झाली. “मग भांडण कोणाचं कोणाशी झालं ते शेजाऱ्यांना कळणार कसं?” तिने विचारलं. बाईंकडे उत्तर नव्हतं. मराठी दूरदर्शन मालिकेचा एकही भाग या भाषेत लिहिता येणार नाही, असं तिचं ठाम मत झालं. मला मात्र एका शब्दाने गहिवरून आलं. साडूला पोर्तुगीजमध्ये शब्द आहे! कोंकुन्यादु. जाऊबाईही त्यातच, कोंकुन्यादा. ज्या भाषेने काका-मामांचा फरक वाऱ्यावर सोडला, तिने साडूची आठवण ठेवावी, यावरून त्या समाजात साडूंनी एकमेकांना किती पाण्यात पाहिलं असेल याचा अंदाज येतो.

आजी-आजोबांच्या धड्याला आम्ही दोघं हजर होतो, पण आमचा धडा बाजारात झाला. आजोबा म्हणजे अवो. आजी म्हणजे अवॉ. फरक नुसता ओठांचा. आमची ही मला ‘अहो’ अशी हाक मारते. भाजी घेताना तिने दुकानाच्या या टोकावरून त्या टोकाला ‘अहो!’ म्हटलं, की आसपासच्या बायका वळून माझ्याकडे आदराने बघतात, आणि मग हिच्याकडे बघून म्हणतात, केवढं सांभाळते आजोबांना! तेव्हापासून ही बाजारात खूश असते आणि मी गाडीत बसून राहतो. त्यातून आजी-आजोबा मिळून होतो तो शब्द अवॉश, म्हणजे आजीच्या उच्चाराचा. जन्मभर पुरुषाच्या नावाखाली मोजलेलं घर म्हातारपणी आजीच्या नावावर होतं. हिने हे वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

नातीला म्हणतात नेता. लेकीच्या घरात याचं भाषांतर करायची वेळ कधी आली नाही.

एका रविवारी जावयाने आम्हाला सिंत्राचा राजवाडा दाखवला. तिथे एक खोली आहे, म्हणजे क्वार्तु. मी जरा आपुलकीनेच आत डोकावलो. अफोंसु सहावा हा राजा त्या खोलीत कैदेत होता. १६६७ मध्ये धाकट्या भावाने, पेद्रुने, कारभार काढून घेतला. पुढच्याच वर्षी अफोंसुचं लग्न रद्द ठरवून पेद्रुने भावजयीशी लग्न केलं. अफोंसुची रवानगी तेर्सेइरा बेटावर झाली, पुढे त्याला परत आणून सिंत्रात कोंडलं, आणि १६८३ मध्ये तो तिथेच वारला. येरझाऱ्या घालून घालून त्याने फरशी झिजवली, असं सांगतात. थोरला खोलीत आणि धाकटा गादीवर! मला वाटलं, बेटावर राजालाही ठेवलं होतं हे अक्काला कळवावं, म्हणजे तिचा राग निवळेल. हिने हातातून फोन काढून घेतला.

पोर्तुगालच्या राजघराण्यात मीच आस्थापना शाखेत असतो तर माझं टेबल कधी रिकामं झालं नसतं. मारीआ पहिली, जी १७७७ मध्ये राणी झाली, तिचं लग्न १७६० मध्ये सख्ख्या काकाशी लागलं होतं. असा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मी लाल शाईने ‘नाते स्पष्ट करावे’ असा शेरा मारून परत पाठवला असता, आणि तो अजून फिरत राहिला असता.

मग बाईंना वाटलं, या लोकांना इतिहासातून शिकवावं. त्यांनी मोर्गादुची गोष्ट सांगितली. जुन्या काळी खानदानी घराची जमीन अखंड राहावी म्हणून सहसा ती सगळीच्या सगळी थोरल्याला जाई. त्याला मोर्गादु म्हणायचे. बाकीच्या भावांनी चर्च, फौज किंवा जहाज, यांतलं काही तरी बघावं. ही पद्धत १८६३ मध्ये कायद्याने बंद झाली, पण तोवर धाकट्यांनी जगात बराच गोंधळ घातला होता. अफोंसो द अल्बुकर्क हा घरातला दुसरा मुलगा. थोरल्याला वाडा मिळाला, याने जहाज पकडलं आणि १५१० मध्ये गोवा घेतला. त्या घरात सारख्या वाटण्या झाल्या असत्या, तर हा माणूस बांधावर उभा राहून भावाशी कुंपणाच्या खुंट्यांवरून भांडत बसला असता आणि मांडवीकाठी कोणाच्या झोपेचं खोबरं झालं नसतं. वास्को द गामाच्या १४९७च्या सफरीत तर थोरला भाऊ पाउलु धाकट्या वास्कोच्या हाताखाली एका जहाजाचा कप्तान म्हणून गेला. आमचा दादा त्या जहाजात चढलाच नसता. धक्क्यावरूनच सूचना दिल्या असत्या.

एवढं सांगून बाईंनी सहज विचारलं, “भावंडांत पहिलं असणं चांगलं, मधलं की शेवटचं?”

या वर्गात कोणाला धड भूतकाळ येत नव्हता. पण त्या दिवशी सगळ्यांना सगळे काळ आले. युक्रेनची थोरली म्हणाली, लहानपणी खेळायला गेले तरी एक भाऊ कडेवर आणि एक बहीण हाताला. दुसरी धाकटी होती; ती म्हणाली, मी सोळा वर्षांची होईपर्यंत माझा कोट आधी दुसऱ्या कोणाचा तरी असायचा. नेपाळी साइँलो म्हणाला, जेठ्याला जमीन, कान्छ्याला लाड, मला विमानाचं तिकीट. आमच्या हिने बंडू आणि पेढे हा विषय पोर्तुगीजमध्ये असा मांडला की मीही हेलावलो. आणि मग बाईच बोलू लागल्या. त्या तिघी बहिणींतल्या मधल्या, फिल्या दु मेयु. थोरलीला पियानो घेतला. धाकटीला सायकल घेतली. “मला काय घेतलं, विचारा!” आम्ही विचारलं. “थोरलीच्या पियानोवर बसायचं स्टूल!” बाई सलग, भराभर, शब्द गिळत बोलत होत्या. महिनोन्‌महिने शिकून जे कळलं नव्हतं ते आम्हाला त्या वेळी अक्षर न् अक्षर कळत होतं. माझं मत असं झालं आहे, की भाषेचं पहिलं पुस्तक ‘नमस्कार, तुम्ही कसे आहात’ने सुरू करूच नये. ‘माझ्यावर अन्याय झाला’ने करावं.

बांगलादेशी गृहस्थ एकटेच गप्प होते. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, “सात भाऊ. मी सातवा.”

बाईंचा चेहरा बदलला. पोर्तुगालमध्ये जुनी समजूत आहे, की ओळीने सात मुलगे झाले तर सातवा लोबिझोमें होतो, रात्री लांडगा होऊन हिंडणारा माणूस. उपाय एकच: थोरल्या भावाने त्याचा पाद्रिन्यु, म्हणजे धर्मपिता व्हायचं. गृहस्थ एका उपाहारगृहात रात्रपाळी करतात आणि पहाटे घरी येतात, त्यामुळे वर्ग त्यांच्याकडे नव्याने बघू लागला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“थोरले भाऊ धर्मपिताच आहेत,” ते म्हणाले. “व्हिसाचे पैसे त्यांनीच दिले. अजून दर महिन्याला मागतात. लांडगा कोण, ते तुम्ही ठरवा.”

आमच्या इमारतीत मडगावचे एक गृहस्थ राहतात. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना आपली जन्मनोंद इथे लिस्बनला करून पोर्तुगीज नागरिक होता येतं, त्या वाटेने ते आले. ही नोंद वरून खाली करत यावी लागते, त्यामुळे त्यांच्या घरात नातवाचं लग्न आधी झालं आणि आजोबांचा जन्म मागाहून. वारसनोंदीतला मुरलेला माणूस म्हणून मला ही रचना फार आवडली. त्यांच्याकडूनच मला ‘काबेसा द काझाल’ कळला. वाटणी होईपर्यंत मयताच्या इस्टेटीचा कारभार बघणारा वारस. गोव्यातल्या कोर्टांत हा शब्द पोर्तुगीज गेले तरी मुरून राहिला. पोर्तुगालच्या आजच्या कायद्यातही मुलांपैकी कोणाला हे काम द्यायचं आणि बाकी सगळं सारखं असेल, तर ते वयाने मोठ्याकडे जातं. काम थोरल्याला, वाटा मात्र सगळ्यांना सारखा.

मी हे ग्रुपवर टाकलं. दादाने प्रिमोजेनितुच्या खाली काबेसा द काझाल असं जोडलं. ताईने विचारलं, वाटा सगळ्यांना सारखा म्हणजे बहिणींनाही का? अक्का कित्येक दिवसांनी बोलली: “स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.” धाकट्याला कोणीतरी परत ग्रुपमध्ये घेतलं, त्याने ‘किंतु’ एवढाच एक शब्द लिहिला आणि आता आमराईच्या वाटणीचं प्रकरण वकिलाकडे आहे.

तेव्हा पोर्तुगीज शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाला माझं एकच सांगणं आहे. जमल्यास एकुलते एक जन्माला या. फिल्यु उनिकु, दोन शब्दांत धडा संपतो. आता ते हातात राहिलं नसेल, तर निदान गृहपाठ घरच्या ग्रुपवर टाकू नका.